चुरचुरतंय म्हणजे भाजतंय, मावशी

भिशीच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज मावशीपर्यंत पोचला, म्हणून हे लिहितेय. ‘फक्त चार घटकांचं क्लीन सीरम! कोरफडीचा गर, गुलाबपाणी, लिंबाचा रस, ई व्हिटॅमिनची कॅप्सूल. केमिकल नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. चुरचुरलं तर समजा काम करतंय. विकतच्या सीरममधल्या पॅराबेनने कॅन्सर होतो.’ मावशीने ते आठवडाभर मनोभावे चेहऱ्याला लावलं.

आधी चुरचुरण्याचं बघू. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, एकाने कमी झाला की आम्लता दहापट. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या आसपास. म्हणजे रस जवळजवळ हजारपट आम्ल. चुरचुरते ती त्वचा तक्रार करत असते. त्याहून वाईट म्हणजे लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगाला लागून वर ऊन पडलं की त्वचा भाजते, आणि तेही लगेच नाही, एकदोन दिवसांनी. मावशी सीरम लावून गच्चीवर कुरडया घालायला गेली होती. तिसऱ्या दिवशी हनुवटी लाल, मग काळपट, आणि मानेवर थेंब ओघळला होता तिथे काळी रेघ, जशीच्या तशी. ती रेघ बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “लिंबू लावलं होतं का?”

‘केमिकल नाही’ म्हणे. पाणीसुद्धा केमिकलच आहे. पुढे.

प्रिझर्व्हेटिव्ह नाही, हा गुण कसा? पाणी आणि कोरफडीचा गर म्हणजे जंतूंची पंगत. मावशीच्या बाटलीला आंबूस वास येत होता, ड्रॉपरच्या रबराखाली पांढरी बुरशी धरली होती. ते ती डोळ्यांखाली लावत होती!

पॅराबेन म्हणजे विकतच्या सीरममधली प्रिझर्व्हेटिव्ह. त्यांचं भूत 2004 पासूनचं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले. निरोगी ऊतींशी तुलनाच नव्हती, त्यामुळे पॅराबेनने कॅन्सर झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. 2014 मध्ये पाच पॅराबेनवर बंदी घालणारा युरोपियन संघसुद्धा मिथाइल पॅराबेन 0.4 टक्क्यांपर्यंत चालू देतो.

घटक कमी असले की ॲलर्जी कशाची ते लवकर कळतं, आणि सुगंधी द्रव्यं अनेकांना सोसत नाहीत, एवढं मान्य. पण मग गुलाबपाणी कशाला? बिनवासाचं, प्रिझर्व्हेटिव्ह असलेलं साधं सीरम घ्या, आधी चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

परवा मावशीने विचारलं, “डागावर लिंबू चोळू का गं? उजळेल.” नको, मावशी. ऊन टाळ, सनस्क्रीन लाव. डाग आपसूक फिका होईल, पण काही महिने लागतील.