अंगठा वायला, मनगट वायलं

मोबाईलवर क्रिकेट गेम खेळून पोरांची नजर आणि चपळाई वाढते, असं एका लेखात वाचलं. मला अर्धंच पटलं. आमच्या दारव्हा तालुक्यात कपाशी निघाली की मोकळ्या वावरात पोट्टे खेळतात, पऱ्हाटीच्या काड्यांचे स्टंप ठोकून. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. चेंडू भेगेच्या कडेवर पडला तर एक तर पायात घुसतो, नाहीतर थेट हनुवटीवर येतो. गेममध्ये टप्पा कुठं पडणार याची खूण आधीच दिसते, बॅटीला वजन नाही, लागायची भीती नाही. अंगठ्याचं टायमिंग मनगटात कसं उतरणार राजेहो?

फील्डिंग लावायची अक्कल मात्र गेमनंच दिली. आधी सगळे चेंडूमागं पळायचे. आता सातवीतलं पोट्टंही ‘डावखुरा आला, पॉइंट मागं घे’ म्हणून ओरडते.

त्या लेखात मोटार शर्यतीचंही उदाहरण आहे, पण ते प्रकरण निराळं. तिथं घरच्या गेमलाही स्टिअरिंग आणि पेडल जोडता येतात. ब्रिटनचा यान मार्डनबरो ‘ग्रॅन टुरिस्मो’ गेमवरच्या स्पर्धेतून २०११ मध्ये निवडला गेला अन् २०१३ मध्ये ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. पण मधल्या काळात त्याला खऱ्या गाडीवर तयार केलं होतं, ते लेखात सुटलंय. आपला वेगवान गोलंदाज उमेश यादवही टेनिस बॉलवर, खऱ्या मैदानात घडला आणि २०११ मध्येच कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला.

ग्रामपंचायतीला खेळायच्या जागेवर अंथरायला मॅटिंगची एक पट्टी मागितली आहे. आली तर या गेमवाल्यांना लेदर बॉल टाकूनच पाहू.