काडतुसांचा दर आणि रिकाम्या पुंगळ्या : दुकानाकडून उत्तर

नमस्कार. ‘काडतुसं महाग, रिकाम्या 20 पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची टरफलं) पुन्हा भरल्या तर पैसे वाचतात पण भरून द्यायला नकार, त्यात एक काडतूस फुसकं निघालं’ असं आपण लिहिलंत. काउंटरवर कारण न सांगता नुसतं ‘नाही’ म्हटलं गेलं, ही आमची चूक. माफ करा.

1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात आणि ते बनवायला कलम 5 खालचा परवाना लागतो. आमचा परवाना विक्रीचा आहे, म्हणून पुंगळ्या भरून देता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीपासून विनापरवाना बनवण्याला किमान 7 वर्षांची कैद आहे.

पैसे वाचतात हे आपलं म्हणणं रायफलीच्या बाबतीत खरं आहे. तिथे पितळी पुंगळी हाच महाग भाग, तो पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून परदेशातले नेमबाज घरी भरतात. बारा बोअरचं, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीचं, तसं नाही. टोपी (ठिणगी देणारा भाग), दारू, गद्दी (दारू आणि छर्‍यांमधला बोळा), छर्रे सगळं नवंच लागतं; 32 ग्रॅमच्या हिशेबाने किलोभर छर्‍यांत 31 बार होतात. वाचतं ते प्लॅस्टिकचं टरफल. तेही दुमडलेल्या तोंडाशी तडकतं, टोपीचं घर सैल होतं आणि गॅस मागे येतो.

गावात कुणी भरून देतो म्हणाला तरी कृपया जाऊ नका. ठासणीच्या बंदुकीला काळी दारू ज्या मापट्याने घालतात, त्याच मापट्याने बिनधुराची दारू घातली तर नळी फाटते. हात जातो, डोळा जातो.

फुसक्या काडतुसामागे बहुतेक वेळा ओल असते. घोडा पडूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून 30 सेकंद थांबा, मगच बंदूक उघडा. आवाज बारीक आला, धक्का कमी बसला, तर दुसरा बार अजिबात काढू नका. गद्दी नळीत अडकलेली असू शकते. दोन्ही काडतुसं काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा.

पाऊस लागण्याआधी काडतुसं चामडी पट्ट्यातून काढा, चामड्याने पितळेवर हिरवा थर चढतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कुलपात. चुलीवरच्या माळ्यावर किंवा तापणार्‍या पत्र्याखाली नको. जुनी आधी वापरा. आपल्याकडच्या हवेत खरी बचत इथेच होते.

ते फुसकं काडतूस न उकलता बिल आणि परवान्यासह घेऊन या. त्याच लॉटचा आमचा साठा तपासू; दोष आमच्याकडचा निघाला तर बदलून देऊ. दरांचा फळा आता काउंटरसमोर लावला आहे.