झाड जाड झालं म्हणजे कागद चांगला झाला का?

मोकळ्यात लवकर जाड केलेल्या पाइनचा कागद कमकुवत होतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: हापूसची कलमं आपण १० मीटरवर लावतो, झाड मोकळं वाढतं, मग न्यूझीलंडवाल्यांनी पाइन लांब लांब ठेवून लवकर जाड केला तर बिघडलं कुठे? जास्त लाकूड, जास्त कागद. वर, 'लेख एसीत बसून लिहिलाय.' एसी नाही हो माझ्याकडे.

हापूसला मोकळं ठेवतो ते फळासाठी. पाइनचं खोड हेच पीक. त्यात पहिल्या दहाएक वर्षांत तयार होणारं लाकूड कोवळंच असतं, जागा कितीही द्या. न्यूझीलंडात लावतात त्या रेडिएटा पाइनच्या गाभ्याजवळचे तंतू जेमतेम २ मिलिमीटरचे, पातळ भिंतींचे. सालीकडचे ३ ते ४ मिलिमीटरपर्यंत जातात. मोकळ्या जागेत झाड फुगतं ते नेमकं या कोवळ्या वयात. घेर लवकर भरतो, पण आत गाभाच जास्त. हे लाकूड हलकं, म्हणून लगदा शिजवायच्या टाकीत लाकडाच्या तेवढ्याच चिप्स भरल्या तरी लगदा कमी उतरतो.

शिवाय गाठी. दाटीत खालच्या फांद्या सावलीने लवकर मरतात, मोकळ्यात त्या मनगटाएवढ्या होतात. माझ्याकडे पाइनच्या खोक्याची एक फळी आहे: वलयं करंगळीएवढी रुंद, आणि गाठीवर खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. अशा गाठीत रसायन नीट मुरत नाही. ती अर्धीकच्ची राहून चाळणीत अडकते.

एका जागी मात्र मी चुकलो. 'कमकुवत कागद' हे सरसकट लिहायला नको होतं. पातळ भिंतींचे तंतू चपटे होऊन एकमेकांना छान चिकटतात. कागद गुळगुळीत होतो, ताणही सोसतो. छपाईला तो उत्तमच. पण सिमेंटच्या कागदी गोणीला चीर पडली, तर ती पुढे धावू नये म्हणून लांब, जाड तंतूच लागतात. म्हणूनच न्यूझीलंडात विरळणीतली, म्हणजे दाटी कमी करायला मधून तोडलेली कोवळी खोडं एका लगद्याला आणि करवतगिरणीत ओंडक्याच्या कडेने निघालेलं लाकूड दुसऱ्या लगद्याला, असं वेगळं वापरतात.

आणि 'दाट लावून सोडून द्या' असं मी म्हटलेलं नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या कैंगारोआ जंगलात, विरळणी न झालेल्या दाटीत, खोड पोखरणाऱ्या सायरेक्स गांधीलमाशीने झाडं उभीच्या उभी मारली होती. प्रश्न विरळणी कधी करायची हा आहे.

लेखातलं 'कमकुवत' काढून 'लवकर फाटणारा' केलंय.