‘बरं वाटलं की फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला. चौथे आमचे मामा, म्हणून लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: ‘मनाच्या आजारावरच्या गोळ्या म्हणजे कायदेशीर नशा. एकदा लागली की सुटत नाही. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं, हे शास्त्रज्ञांनीच खोटं ठरवलंय. या गोळ्या माणसाचा दगड करतात. म्हणून बरं वाटलं की त्याच दिवशी फेकून द्या.’

यातली काही वाक्यं निम्मी खरी आहेत. धादांत खोटं असतं तर मामांनीही पुढे ढकललं नसतं.

आधी नशा. ‘मनाची गोळी’ नावाची एकच गोळी नसते. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या घबराट उतरवणाऱ्या एकाच गटातल्या गोळ्यांची सवय लागते, हे खरंच. घबराट झटकन उतरते, आणि काही दिवसांनी तेवढ्याच डोसने भागेनासं होतं. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटावरचा ठळक इशारा आणखी कडक केला, त्यात सवयीचा उल्लेख आहे. एरवीही या गोळ्या शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात असं मानलं जातं. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं त्या घेत राहणाऱ्यांना कुणी सावध करत असेल तर मी टाळ्या वाजवीन. पण सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या डिप्रेशनवरच्या गोळ्यांचं गणित उलटं. घेतल्यावर काहीच चढत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी; मन सावरायला दोन ते सहा आठवडे. आधी त्रास आणि नंतर गुण, असली नशा कोण करेल?

‘सुटत नाही’ या वाक्यात मात्र एक खरा धागा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. मी पॅरॉक्सेटिन ही डिप्रेशनवरचीच गोळी घेत होतो. आठ महिन्यांनी छान वाटायला लागलं, स्ट्रिपमध्ये सहा गोळ्या उरल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फिरवले की डोक्यात बारीक करंट बसायचा. जिना उतरताना कठडा धरावा लागला. रात्री घामाने भिजून जाग यायची. आजार परतला असं समजून डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: हे कधी सुरू झालं, आणि हा करंट पहिल्या आजारात होता का? आजार परततो तो बहुधा काही आठवड्यांनी, पावलं न वाजवता. औषध तुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत उभा राहतो आणि शरीरात जाणवतो. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून ते या बाबतीत बदनाम. फ्लुऑक्सेटिन हे डिप्रेशनवरचंच दुसरं औषध कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून सोडताना कमी छळतं.

म्हणजे शरीराला औषधाची सवय होते, पण त्याची हाव लागत नाही. आणि सोडायची रीत असते. डोस निम्मा केला म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही, थोडाच घटतो; खरी घसरण शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये असते. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच नेमकं मांडलं. गोळी पुन्हा सुरू करून मग सोडताना माझं २० वरून १० मिलिग्रॅमवर येणं तीन आठवड्यांत उरकलं. १० वरून शून्यावर यायला चार महिने लागले, शेवटी तर पातळ औषध सिरिंजने मोजून घेत होतो.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं म्हणाल तर ‘कमतरता’ या कल्पनेला सुसंगत पुरावा सापडत नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलं गेलं, हे मान्य. पण कारण चुकलं म्हणून औषध निकामी ठरत नाही. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये लिथियम उन्मादाच्या रुग्णांना दिलं, ते गिनीपिगवरच्या प्रयोगांतून काढलेल्या भलत्याच तर्कावरून. तर्क केव्हाच बाद झाला, लिथियम टिकलं. डिप्रेशनच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या २०१८ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ती सगळी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फरक सरासरीने माफक आहे, हेही सांगायला हवं.

दगड? काहींना होतं तसं. रडू येत नाही, हसूही अर्धवट येतं, कामेच्छा कमी होते, स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या ओलान्झापिनने वजन भराभर वाढतं. हे डॉक्टरांना सांगायचं असतं. डोस बदलतो, गोळी बदलते.

राहिलं ‘त्याच दिवशी फेकून द्या’. वारंवार डिप्रेशन आलेल्या किंवा दोन वर्षांहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्या, पण आता बरं वाटणाऱ्या ४७८ जणांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, टप्प्याटप्प्याने बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा. हे आकडे मेसेजवाल्याला गैरसोयीचे आहेत, तसेच ‘आता जन्मभर घ्या’ म्हणणाऱ्यालाही, कारण उरलेले ४४ टक्के गोळीविना वर्षभर ठीक राहिले. स्किझोफ्रेनियात मात्र दरी फार मोठी: औषध चालू असताना वर्षात २७ टक्क्यांचा आजार उलटतो, खोट्या गोळीवर ६४ टक्क्यांचा.

आणि सगळ्यात कडू विनोद असा, की मेसेजचं पहिलं वाक्य ज्या गोळ्यांना खरोखर लागू पडतं, त्याच एका दिवसात फेकणं सर्वात धोक्याचं. अनेक महिने चालू असलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते.

मामा झोपेसाठी त्याचीच अर्धा मिलिग्रॅमची गोळी कित्येक वर्षं घेतात. मेसेज आला तसा मी घाबरून फोन केला: मामा, ती गोळी फेकली नाही ना?

‘छे रे,’ मामा म्हणाले, ‘ती कुठे मनाची आहे? ती झोपेची.’