पूर्वप्रसिद्धीची ओळ कुठे गेली?

परवा एक जाडजूड पुस्तक घरी आलं. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन भयकथाकार आणि कवी एडगर ॲलन पो, त्याच्या समग्र कथा-कविता. काळी कापडी बांधणी, सोनेरी कडा, खुणेसाठी रेशमी फीत. किंमत सांगत नाही, ही पोस्ट घरचेही वाचतात. आत सगळं आहे, फक्त कुठली कथा आधी कुठे छापून आली ते नाही.

आपल्याकडचा एखादा जुना कथासंग्रह उघडा. कुठेतरी बारीक टायपात ‘पूर्वप्रसिद्धी’ असते: अमुक कथा, तमुक मासिक, दिवाळी अंक, साल. मला ती ओळ कथेइतकीच आवडते. इथे ती गाळल्यामुळे असं वाटतं की पो एक दिवस टेबलाशी बसला आणि अजरामर वाङ्मय लिहूनच उठला. तसं नव्हतं हो. हा माणूस मासिकांवर जगायचा, आणि धड जगायचाही नाही.

‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ घ्या. मद्याचं आमिष दाखवून ओळखीच्या माणसाला तळघरात न्यायचं आणि जिवंत भिंतीत चिणायचं. ही कथा आली ‘गोडीज लेडीज बुक’मध्ये, नोव्हेंबर १८४६ला. बायकांचं मासिक! हाताने रंगवलेली नव्या फॅशनच्या कपड्यांची चित्रं हे त्याचं मोठं आकर्षण. झग्यांची चित्रं बघत पानं उलटणाऱ्या बाईसमोर अचानक ती भिंत उभी राहिली असेल. हे कळल्यापासून मला ती कथा जास्तच भयंकर वाटते.

‘द टेल-टेल हार्ट’ बॉस्टनच्या एका मासिकाने परत पाठवली. जरा शांत मजकूर पाठवाल तर बरं, असा शेरा. मग कवी जेम्स रसेल लोवेलने ती आपल्या नव्या ‘पायोनियर’मध्ये जानेवारी १८४३ला घेतली. मासिक तीन अंकांत बंद.

आणि पुस्तकं? १८३९च्या शेवटी दोन खंडांत कथासंग्रह निघाला, ७५० प्रती. मोबदल्यात लेखकाला फक्त काही प्रती, रोख काही नाही. त्याच्या हयातीत दुसरी आवृत्ती निघालेलं त्याच्या नावावरचं एकमेव पुस्तक कुठलं, माहितीये? शिंपल्यांवरचं शालेय पुस्तक! तेही बरंचसं दुसऱ्याच्या महागड्या ग्रंथाचा संक्षेप.

‘द रेव्हन’ या कवितेने नाव मात्र दिलं. २९ जानेवारी १८४५ला ती ‘ईव्हनिंग मिरर’मध्ये त्याच्या नावानिशी आली. ज्या ‘अमेरिकन रिव्ह्यू’कडून ती घेतली होती, तिथे मात्र फेब्रुवारीच्या अंकात कवीचं नाव ‘क्वार्ल्स’, म्हणजे टोपणनाव! मग ज्याने त्याने ती उचलून छापली. वर्तमानपत्रं तेव्हा एकमेकांचा मजकूर सर्रास ढापायची. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितांचं होतं तसंच, फक्त इथे कवीचं नाव तरी टिकलं.

पण खरी गोष्ट ‘ॲनाबेल ली’ची. ही कविता आपल्या हातून हरवू नये म्हणून की काय, पोने ती तीन ठिकाणी देऊन ठेवली. एक प्रत ‘सार्टेन्स’ मासिकाला विकली. दुसरी ‘सदर्न लिटररी मेसेंजर’च्या संपादकाला, ५ डॉलरच्या उसनवारीपोटी. तिसरी संपादक-समीक्षक रूफस ग्रिझवोल्डकडे. ७ ऑक्टोबर १८४९ला पो गेला. ९ तारखेला न्यूयॉर्क ‘ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावाने मृत्युलेख आला. पो गेला, पण फारसं कुणाला वाईट वाटणार नाही, अशा सुराचा. लिहिणारा ग्रिझवोल्डच. आणि त्याच लेखात ‘ॲनाबेल ली’ छापलेली! ज्याने पैसे मोजले त्या ‘सार्टेन्स’मध्ये ती जानेवारी १८५०ला उगवली. पुढे पोच्या समग्र साहित्याचं संपादनही ग्रिझवोल्डनेच केलं. माझ्या पुस्तकात त्या कवितेखाली एक सुबक वेलबुट्टी आहे. बस.

पोचंच कशाला? एप्रिल १८१९मध्ये लंडनच्या ‘न्यू मंथली मॅगझीन’मध्ये ‘द व्हँपायर’ आली, ती प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरनची कथा म्हणून. लिहिली होती त्याच्या डॉक्टरने, जॉन पॉलिडोरीने. कथा माझी आहे, कल्पनेचा पाया तेवढा बायरनचा, असं त्याने कळवलं. तोवर बायरनच्या नावावर खप सुरू झाला होता. पॉलिडोरी १८२१मध्ये वारला, वय २५.

कुणी म्हणेल, वाचकाला काय करायचंय हे? कथा वाचा, घाबरा, झोपा. हे मला अजिबात पटत नाही, कारण कधीकधी कथाच वेगळी असते. पोची ‘लायजिया’ सप्टेंबर १८३८मध्ये बाल्टिमोरच्या ‘अमेरिकन म्यूझियम’मध्ये आली, तेव्हा त्यात ‘द कॉंकरर वर्म’ ही कविता नव्हतीच. ती १८४३मध्ये ‘ग्रॅहम्स’मध्ये स्वतंत्र छापली गेली आणि १८४५मध्ये कथेत शिरली. म्हणजे मरायला टेकलेली लायजिया नवऱ्याकडून जी कविता वाचून घेते, ती पहिल्या वाचकांनी पाहिलीच नव्हती. आज आपल्याला तर त्या कवितेवाचून ते मरण कल्पताही येत नाही.

तर सध्या पेन्सिल घेऊन बसलोय. प्रत्येक कथेखाली मासिक, महिना, साल लिहितोय. सोनेरी कडांच्या पुस्तकात पेन्सिल चालवतोय म्हणून घरात बोलणी खाऊन झाली. ‘लायजिया’पाशी अडलोय. १८३८ लिहू की १८४५?