उंच पेटी नुसती शोभेची नव्हती

इंग्लिश लाँगकेस घड्याळांची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लंबकाच्या घड्याळांची, उंच पेटी म्हणजे श्रीमंतीचा देखावा, हे जुन्या इंग्लिश घड्याळांवरच्या तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. १६७० च्या सुमारास लंडनमध्ये अँकर एस्केपमेंट (लंबकाच्या तालावर चाकाचा एकेक दाता पुढे सोडणारी, नांगराच्या आकाराची यंत्रणा) आलं आणि लंबकाचा झोका लहान झाला. म्हणून तर सेकंदाला एक टिक देणारा, सुमारे ९९ सेंटीमीटरचा लंबक अरुंद पेटीत मावू लागला. शिवाय वजनांना आठवडाभर खाली उतरायला उंची नको का?

ब्रॅकेट घड्याळांना, म्हणजे टेबलावर ठेवायच्या लहान घड्याळांना, मात्र लेखात दोनच ओळी! खरी गंमत तिथेच आहे. स्प्रिंगवर चालणारी, वर मूठ असलेली ही घड्याळं रात्री उचलून निजायच्या खोलीत नेता येत. काडेपेटी नव्हती तेव्हाची गोष्ट. अनेक घड्याळांना बाजूला दोरी असे. अंधारात ती ओढली की तास, काहींत पाव तासही, ठोके देऊन कळत. लंडनचा नामवंत घड्याळजी टॉमस टॉम्पियन याच्या कारखान्यातली अशी घड्याळं पाहावीत, मागची कोरीव पितळी पट्टीसुद्धा बघत राहावी अशी.

पुढे अशा बऱ्याच घड्याळांचं जुनं व्हर्ज (अँकरच्या आधीची, तेच काम करणारी यंत्रणा) काढून अँकर बसवलं गेलं. आता संग्राहक ते उलट फिरवून पुन्हा व्हर्ज बसवतात. मला तो फाजील सोवळेपणा वाटतो. दोनशे वर्षांपूर्वीची दुरुस्तीही त्या घड्याळाचा इतिहासच की!