खुलासा : 99 वर्षं संपली म्हणून जागा आपली होत नाही

'99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली की जागा आपोआप कब्जेदाराच्या नावावर होते' असा निरोप कोल्हापुरात मोबाइलवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कुणी इसार देऊ नये, ही कळकळीची विनंती.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार मुदत संपली की भाडेपट्टेदारानं ताबा मालकाला परत द्यायचा असतो. नूतनीकरणाची अट दस्तातच असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून एजंटाच्या तोंडी सांगण्यावर न जाता मूळ दस्त वाचा. 'बारा वर्षं कब्जा असला की जागा आपली' हा युक्तिवादही इथं तेवढ्यावर लागू होत नाही, कारण भाडेपट्टेदाराचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो.

सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेल्या जमिनी भोगवटादार वर्ग-1, म्हणजे पूर्ण मालकी हक्काच्या, करण्यासाठी नियम आहेत. बहुधा त्यावरूनच ही अफवा उठली असावी. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, अधिमूल्य, म्हणजे सरकारनं ठरवलेली रक्कम, भरावं लागतं.

गोकुळ शिरगाव, शिरोलीकडे एमआयडीसीचा (औद्योगिक विकास महामंडळाचा) भूखंड घेणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथले भूखंड सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेले असतात. तुम्हाला मिळतात ती फक्त उरलेली वर्षं. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं. नोटरीच्या कागदावर हक्क येत नाही, दस्त नोंदवावाच लागतो.

शहरातल्या जागेसाठी आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि जागा कोणत्या हक्कानं धारण केली आहे हे सांगणारा 'सत्ता प्रकार' हा रकाना वकिलाकडून तपासून घ्या.